जपून खेळलेली कबड्डी

शाळेच्या समुपदेशक बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, म्हणून मुख्याध्यापकांनी मला पाठवलं. आमच्याकडे जे काम कुणाचंच नसतं ते पीटीच्या बाईंचं असतं, मग ते जंताच्या गोळ्या वाटणं असो की गॅदरिंगच्या खुर्च्या लावून घेणं. या वेळी काम होतं प्रशिक्षणाला जाण्याचं. ज्या मुलांच्या घरात कुणी वारलंय त्यांना आधार कसा द्यावा, यावर दोन दिवस, नेरूळच्या एका कॉलेजात, तेही शनिवार-रविवार. मी राहते सीवूड्सला, त्यामुळे लांब पडतं म्हणायचीही सोय नव्हती.

गेले ती कुरकुरतच. पण मनात एक पोर होती, हेही खरं. आमची शाळा नावड्याजवळची. नववीतली ही मुलगी आमच्या कबड्डीच्या संघातली सगळ्यात चलाख चढाईपटू. तिचे वडील कारखान्यात कामाला होते. एका सकाळी छातीत दुखतं म्हणाले आणि दुपारपर्यंत गेले. दहावं-तेरावं आटोपून ती शाळेत आली, सरावालाही आली. कुठेही रडली नाही. आणि प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी तिनं धुऊन, घडी घालून जर्सी माझ्या टेबलावर ठेवली. “बाई, मी नाय खेलत आता,” म्हणाली आणि निघून गेली.

आंतरशालेय सामने तोंडावर आले होते, त्याची काळजी मला होतीच, खोटं कशाला बोलू. पण जास्त भीती दुसरीच होती. मैदान सुटलं की ही घरात कोंडली जाणार, आणि एकदा कोंडलेली पोरगी पुन्हा बाहेर काढणं किती अवघड असतं ते मी वीस-पंचवीस वर्षं बघत आलेय. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी आपापले अंदाज बांधले. घरी वर्षाचा दुखवटा असेल, आई नको म्हणत असेल, गावात लोक बोलत असतील. मलाही तसंच वाटलं. तिला विचारावं असं मात्र आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

प्रशिक्षण देणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. आता ही मला काय शिकवणार, असा चेहरा करून मी शेवटच्या रांगेत बसले. तिनं सुरुवातीलाच सांगितलं की लहान मुलांना ‘देवाघरी गेले’ असं सांगू नका, वारले असं सरळ सांगा. तेव्हा बालवाडीच्या एका शिक्षिकेनं मान डोलावली. त्यांच्याकडचा एक छोटा देवळात जायलाच तयार नव्हता, कारण देव माणसं ठेवून घेतो. सगळे हसले आणि लगेच वहीत लिहून घ्यायला लागले. मी तोवर बॅगेतून चष्मा काढला होता.

दुपारी तिनं मला पुढे बोलावून एक भूमिका दिली. तू शाळकरी मुलगी, तुझे वडील वारलेत, त्यानंतर आज शाळेत पहिला दिवस. बाकीच्यांनी, आपण मोठी माणसं एरवी जे करतो, तेच करायचं. मग काय, डोक्यावरून हात फिरवणाऱ्यांची रांगच लागली. कुणी पाणी दिलं, कुणी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, कुणी पीटीला सुट्टी दिली, एक सर तर ‘आता आईला तूच सांभाळायचंस’ म्हणून गेले. पहिल्या दोघांचं बरं वाटलं. पुढे मला गुदमरायला लागलं. नाटकच होतं, तरी शेवटचा हात मी जवळजवळ झटकलाच.

ती मुलगी शांतपणे म्हणाली, “मॅडम, यांनी सगळं चांगलंच केलं. फक्त तुम्हाला कुणी काही विचारलं नाही.”

मला तिचा राग आला, आणि राग आला की समजावं, बोट बरोबर जागी पडलंय.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी त्या पोरीला मैदानाच्या कडेला नेलं. जर्सी आणली नव्हती, सामन्यांचा विषय काढला नाही. तुझे बाबा वारले, याचं मला वाईट वाटतं, असं सरळ म्हटलं आणि मग विचारलं की खेळ का सोडलास. ती पायानं माती उकरत राहिली. घरी कुणी नको म्हटलंय का, यावर तिनं नाही अशी मान हलवली. उलट आईच म्हणत होती, जा खेळायला.

“मना कोनी धरतच नाय, बाई,” ती शेवटी म्हणाली. “मी जाते, हात लावते, परत येते. सगल्या बाजूला होतात. बापूस माझा गेलाय. मी हाय ना इथं.”

मी शिट्टी गळ्यात घालून तिथंच उभी असायचे. पोरी हात आखडता घेताना मला दिसत होत्या, आणि किती समजूतदार आहेत, असं वाटून मी मनातल्या मनात त्यांचं कौतुक करत होते. संघाशी कोण बोलणार, तू की मी, असंही मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, तुम्ही बोला, पण मी असताना नको.

म्हणून सरावाच्या आधी मी बाकीच्यांना गोळा केलं. तिला नेहमीसारखं खेळायचंय, एवढंच सांगितलं. कोपऱ्यात खेळणारी तिची जिवलग मैत्रीण रडायलाच लागली. तिच्या घरी सगळ्यांनी तिला बजावलं होतं, त्या पोरीला दुखवू नको, आधीच दुःखात हाय ती. एवढी दणकट पोरगी, पण मैत्रिणीच्या पायाला हात लावायला घाबरत होती.

संध्याकाळी ती माझ्या टेबलावरची जर्सी घालून आली. पहिल्याच चढाईत ती कोपऱ्याकडे वळली आणि मैत्रिणीनं खाली झेप घेऊन तिचा घोटा धरला. मग साखळीतल्या सगळ्याच तिच्यावर पडल्या. धूळ उडाली, मी शिट्टी मारली, पोरी उठल्या. ती उठली नाही. तिचा गुडघा सोलवटला होता, आणि तो धरून ती मोठमोठ्यानं, लहान मुलासारखी रडत होती.

इतके दिवस जी रडली नव्हती ती गुडघ्यासाठी रडत होती. माझा पाय धावण्यासाठी उचलला गेला, मी तो खाली ठेवला. डोक्यावरून हात फिरवला नाही. शेजारी मातीत बसले आणि विचारलं, काय हवंय तुला? ती म्हणाली, काही नको, बसा. घोटा धरणारी तिथंच होती, आणि तिनं घोटा अजून सोडला नव्हता.

रडून झाल्यावर तिनं जर्सीच्या बाहीला नाक पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

“मी बाद ना?”

“बाद,” मी म्हटलं.

ती लंगडत बाहेर जाऊन बसली, आणि आत खेळणाऱ्यांवर ओरडायला लागली. इतक्या वर्षांत माझ्या संघातलं कुणी बाद झाल्याचा मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.