चौथं जहाज

एका माणसापुरती भाजी करणं मला कधी जमलं नाही. चाळीस मुलांचा वर्ग मी अठ्ठावीस वर्षं सांभाळला, पण पावशेर वांग्यांनी मला हरवलं. आमचे हे गेल्यावर खोडदच्या वस्तीवर मी एकटीच उरले. सकाळची भाजी संध्याकाळी खायची, तरी उरली तर म्हशीला. पाट मांडून जेवायला बसणं तर सोडूनच दिलं होतं. ओट्याशी उभ्यानं दोन घास खायचे आणि ताटली विसळून ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायचे, "निवांत हाय बाई." कसली निवांत! एकटेपणानं जीव नुसता कावलेला असायचा.

मुलगा एकुलता एक. पुण्याला हॉटेलचं शिक्षण घेऊन तो परदेशी प्रवाशांच्या जहाजावर नोकरीला लागला होता. जहाजावर तो मॅनेजर होता. असं त्यानं मला सांगितलं, आणि मी गावाला. गावाला सांगताना थोडं पदरचंही घातलं. पहिल्या दोन सुट्ट्यांना तो घरी आला, नंतर दोन वर्षं आलाच नाही. कधी म्हणे कोर्स आहे, कधी म्हणे बदली आहे. रविवारी सकाळी तेवढा फोन यायचा. शेतापलीकडं आकाशातल्या लहरी टिपणाऱ्या त्या मोठाल्या रेडिओ दुर्बिणी असल्यामुळं आमच्याकडं मोबाइलचं काही खरं नव्हतं. घरातल्या फोनशेजारी स्टूल टाकून मी नऊपासूनच बसायचे.

एका रविवारी तो म्हणाला, "आई, कंपनी घरच्यांना सवलतीत फिरवती. तू ये. कागद पाठवतो, त्यातलं एक निवड."

पाकीट आलं. आत तीन गुळगुळीत पुस्तिका, तीन जहाजांच्या. तिन्ही जाणार होती कॅनरी बेटांना. आफ्रिकेच्या बाजूला समुद्रातून वर आलेले ज्वालामुखी ते. ज्वालामुखी मी चौथीला शिकवत असे. आपला काळा कातळसुद्धा थंड झालेला लाव्हाच आहे, असं सांगितलं की मुलं बसकराखाली हात घालून फरशी अजून गरम आहे का बघायची.

पलंगावर पुस्तिका पसरून, डिक्शनरी मांडीवर घेऊन मी निवडायला बसले. एका बेटावर म्हणे काळ्या राखेत खड्डे करून द्राक्षं लावतात. ते वाचून मी थोरल्या जाऊबाईंना हाक मारली. त्यांची वस्ती बांधापलीकडंच. त्यांनी फोटो लांबून बघितले.

"तिथं देव कोन्ता?"

"देव न्हाई, डोंगर हाय."

"डोंगर बघायला येवढ्या लांब? मग घाटघरला जा की येष्टीनं."

पहिली सहल नेमकी आमच्या यात्रेत येत होती, ती बाद. दुसऱ्या जहाजावर पोहायचे तीन तलाव होते. समुद्रात जाऊन तलाव कशाला हवेत? तीही बाद. राहिली तिसरी. तिचं जहाज पसंत करून मी मुलानं जहाजावरून पाठवलेला, टीव्हीवर ठेवलेला फोटो खाली घेतला. पोरगा ह्याच जहाजावर असेल, तर कुठल्या मजल्यावर उभा राहून काढलाय ते बघावं म्हटलं. त्याच्यामागं जहाजाचं धुराडं दिसत होतं, पांढरं, त्यावर लाल पट्टा. पुस्तिकेतलं धुराडं निळं होतं. बाद केलेल्या दोन्ही पुस्तिका काढल्या. त्यांतही लाल पट्टा नव्हता. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

पोरानं मला समुद्रावर बोलावलं होतं, फक्त स्वतःजवळ बोलावलं नव्हतं. रडू आलं आणि रागही आला. माझा राग नेहमी आधी पोचतो. पुढच्या रविवारी फोन वाजल्या वाजल्या मी विचारलं, "ह्यातलं तुझं जहाज कुठलं रे?"

"माझ्या जहाजाला लई गर्दी असती, आई."

"मग गर्दीत बसंन मी."

मग तो म्हणाला, "मी मॅनेजर न्हाई. जेवणाच्या हॉलात वाढतो. उष्टी ताटं उचलतो. तू तिथं बसलेली आसशील आन् मी…"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तो आठवलाच नाही. आठवली मी. लग्नाच्या मांडवात, गिरणीवर, दवाखान्याच्या बाकावर 'आमचा साहेब, आमचा साहेब' करत मिरवणारी. खोटं त्यानं एकदा सांगितलं होतं, मी शंभरदा. दोन वर्षं तो घरी का आला नाही, ते मला स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. मीच त्याला गावात यायला तोंड ठेवलं नव्हतं.

मग तो आठवला. यात्रेच्या पंगतीत कमरेला पंचा बांधून, आमटीची बादली घेऊन अनवाणी पळणारा. म्हातारे त्यालाच हाक मारायचे, कारण तो तळातलं घट्ट वाढायचा आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला थांबून म्हणायचा, "सावकाश होऊ द्या!" आमच्याकडं पाहुण्याच्या हातात बादली देत नाहीत. वाढायचा मान घरच्याचा.

"यात्रेत वाढायचास तवा लाज वाटायची का?"

"ते आपलं गाव व्हतं, आई."

"मग मी तुझ्या गावाला येते. चौथं जहाज निवडलंय मी. तुझं."

"मला तुझ्यासंगं बसता यायचं न्हाई. नियम हाय. एकटीच जेवशील."

"एकटीनं जेवायची सवय हाय मला," मी फणकाऱ्यानं म्हणाले. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

निघण्याआधी जाऊबाईंना खरं सांगून टाकलं, पोरगा वाढपी आहे म्हणून. त्या म्हणाल्या, "बरं हाय की. उपाशी तरी ठेवायचा न्हाई तुला." बाकीच्या गावाला सांगायचं काम त्यांनी केलंच.

त्याचं जहाजही कॅनरी बेटांतच फिरणारं निघालं. जहाजावर पहिल्या संध्याकाळी मी नऊवारी नेसून हॉलात बसले. त्यानं सांगून ठेवलेलं टेबल खिडकीशी होतं. बाहेर बेटाचा काळा डोंगर होता, आमच्या डोंगरांसारखाच. मी त्याच्याकडं फारसं पाहिलं नाही. काळ्या जाकिटात पोरगा आला. वाळला होता. मागं त्याचा साहेब उभा होता. ताट ठेवलं, चमचा सरळ करायच्या निमित्तानं वाकला आणि माझ्यापुरतं म्हणाला, "सावकाश होऊ द्या."

कितीतरी वर्षांनी मी बसून जेवले. आजूबाजूची टेबलं रिकामी झाली, चादरी बदलून झाल्या, शेवटचा घास संपूनही बराच वेळ गेला. मी उठले नाही. माझं ताट उचलायला तोच येणार होता.