घर माझं विकलं, घेतलं लेकाच्या नावानं

बसवकल्याणचं आमचं घर माझ्या नावावर होतं. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो आन् पुढच्या दोन भाड्यानं दिलेल्या. आमचे मालक वारल्यावर त्या पुढच्या खोल्यांनीच मला पोसलं म्हणा. भाडेकरू पण चांगले मिळाले, खोटं कशाला बोलू. एक मास्तरीण तर बदली झाली तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडली.

पण माझे गुडघे गेले. लेक गुलबर्ग्याला नोकरीला, तो म्हणायला लागला, "आई, तिकडं एकटी कामून राहायलीस? हे विकू, इकडं घेऊ. मागची खोली तुझी. दार पण वेगळं." वेगळं दार ऐकलं आन् माझं मन झालं. कोणी आलं-गेलं तर मोकळं बसता येतं, सुनेला पण अडचण न्हाई. माहेरी न्हाई, सासरी न्हाई, भरल्या घरात एकटीची खोली मला जन्मात कधी मिळाली नव्हती.

घर विकलं. आलेले सगळे पैसे गुलबर्ग्याच्या घरात घातले. नोंदणीच्या वेळी लेक म्हणाला, "तुझ्याच नावानं करू." तर माझे धाकटे दीर हसले. "वैनी, तुम्ही काय शंभर वर्षं जगणार हाव का? उद्या तुमच्या मागं पोरानं वारसा लावायला चकरा मारायच्या. आत्ताच त्याच्या नावानं करा, एक काम वाचतं." आमच्याकडं सगळे असंच करतात. म्हाताऱ्या माणसाच्या नावानं नवीन घर कोणी घेत न्हाई. मला पण पटलं. दस्त लिहिणारा काही बोलला न्हाई, त्याला काय. मी बाकड्यावर बसून चहा पिले, लेकानं सही केली.

पुढच्या उन्हाळ्यात लेक मला टॅक्सचं काम करणाऱ्या बाईकडं घेऊन गेला. ती कन्नडात बोलायची, मला कळतं की. घर विकून नफा झाला तर सरकारला टॅक्स द्यावा लागतो, पण त्या पैशातून दुसरं राहतं घर घेतलं की माफ होतो, एवढं लेक ऐकून होता. म्हणून आम्ही निवांत. मला भीती एकच, भाड्याची. मी आधीच सांगून टाकलं, "माय, अर्धं घर भाड्यानं होतं बघ."

"दुकानाला न्हाई, राहायलाच दिलं होतं ना अज्जी? मग चालतं," ती म्हणाली. मग तिनं नवीन घराचे कागद उलटले आन् लेकाला विचारलं, "हे तुमच्या नावावर कसं?"

"आई आन् मी एकच की."

"घरात एक. टॅक्सला दोन माणसं. विकलं आईनं, तर घ्यायला पण आईनंच पाहिजे. तुम्ही घेतलं, म्हणजे तिनं घेतलंच न्हाई." वर म्हणाली, भांडता येईल, काही जण जिंकले पण आहेत, पण किती वर्षं लागतील सांगता येत न्हाई, आन् तोवर व्याज चढत राहतं.

जिना उतरताना लेक म्हणाला, "काकाचं ऐकायलाच नको होतं."

"त्याला कामून बोलायलास? त्यानं स्वतःच्या घरी पण तेच केलंय," मी म्हटलं.

टॅक्स भरायला लेकानं कर्ज काढलं. हप्ता पगारातून भागेना. एक दिवस भाजी निवडता निवडता सून म्हणाली, "आत्याबाई, मागच्या खोलीला दार वेगळं आहे." मी म्हटलं, "दे भाड्यानं."

आता तिथं नर्सिंग शिकणाऱ्या दोन पोरी राहतात, औरादकडच्या. पोरी गुणाच्या आहेत, भाडं वेळेवर देतात. मी हॉलमधल्या दिवाणावर झोपते, घरातल्यांचा टीव्ही बंद झाला की.

परवा जेवताना लेकाला विचारलं, "हे कर्ज कधी फिटायचं रे? मी जिती असताना का माझ्या मागं?" सून हसली, तिला चेष्टा वाटली. लेकानं हातातला घास ताटात ठेवला.

"जेव," मी म्हटलं. "भाकर गार व्हायलीय."