अणुबॉम्बचं मराठी

पेपरच्या कचेरीत बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. ती तयार करताना जे घडतं ते मात्र साचत जातं. आमच्या नागपूरच्या डेस्कवर सगळ्यात जास्त किस्से कशाचे साचले असतील? अणुबॉम्बचे! खरंच सांगतो.

*

अडुसष्ट साल. टेलिप्रिंटरवर बातमी आली : अण्वस्त्रांचा प्रसार रोखायचा करार तयार आहे, भारत सही करणार नाही. ‘नॉन-प्रोलिफरेशन’ला मराठी शब्द तेव्हा रुळलेला नव्हता. नवा सबएडिटर देशकर डिक्शनरी घेऊन बसला. तिथं अर्थ सापडला, ‘भराभर प्रजा वाढणे’. पठ्ठ्यानं हेडिंग दिलं : ‘अणुबॉम्ब-संततिनियमन करार’!

चीफ सब वानखडे साहेबांनी चष्मा काढला.

“काहून गा, बॉम्बची नसबंदी करून राहिला का?”

*

गांधीबागेतले एक कापडवाले शेटजी जाहिरात द्यायला यायचे. “आपण सही काहून नाही करत?” त्यांनी मला विचारलं. मी समजावलं : ज्या पाच देशांकडे बॉम्ब आहे त्यांचा राहील, बाकीच्यांनी बनवायचा नाही.

“असं होय! त्यांची दुकानं लागली, आता म्हणतात बाजार फुल्ल!”

हेच सांगायला आमच्या अग्रलेखाला दोन कॉलम लागले होते.

*

चौऱ्याहत्तरला पोखरणचा स्फोट झाला. सरकार म्हणालं, शांततेच्या कामासाठी. आमचे कंपोझिटर मेश्राम हेडिंगचे खिळे जुळवत होते. अबोल माणूस, छप्पन साली वडिलांचा हात धरून बौद्ध धम्माच्या दीक्षेला गेलेला.

“साहेब, ‘शांततामय’ अन् ‘स्फोट’ एका ओळीत बसत नाही.”

“टाईप लहान घ्या,” वानखडे साहेब म्हणाले.

“टाईपानं बसन हो. मले नाही बसत.”

हेडिंग दोन ओळींत गेलं.

*

त्याच आठवड्यात उमरेडच्या वार्ताहराचं पोस्टकार्ड : “आमच्या कोळशाच्या खाणीत रोज दुपारी स्फोट होते. तोही शांततेचाच. त्याची बातमी काहून नाही छापत?”

छापली!

*

पुढे बऱ्याच वर्षांनी, एका उन्हाळ्यात हिरोशिमाहून एक वयस्कर बाई दुभाषी घेऊन दीक्षाभूमी पाहायला आल्या. मी मुलाखतीला निघालो, तर मेश्राम रजा टाकून सोबत आले.

बॉम्ब पडला तेव्हा बाई शाळकरी होत्या. भाजलेली माणसं त्यांच्याकडे पाणी मागत होती, आणि त्यांच्याजवळ पाणी नव्हतं.

मला माझा प्रश्न विचारायचाच होता. “भारतानं करारावर सही करावी का?”

दुभाष्यानं विचारलं. बाई काहीतरी बोलल्या.

“त्या विचारतात,” दुभाषी म्हणाला, “या शहरात विहिरी किती?”

मेश्राम बोटांवर मोजू लागले.

“आमच्या मोहल्ल्यातल्या सांगतो. सात. पण एक आटली.”

बाईंनी पर्समधून छोटी वही काढली, काहीतरी लिहिलं आणि मेश्रामांना वाकून नमस्कार केला.

“काय लिहिलं?” मी हळूच विचारलं.

“सहा,” दुभाषी म्हणाला.