कातळावरचा हात

खोपोलीच्या दुकानात मी मोबाइल दुरुस्त करून घेत होतो. जंगलातल्या कॅमेऱ्याचं भिजलेलं कार्ड घेऊन एक बाई आली. खटपटीनंतर स्क्रीनवर बिबट्याची मादी उमटली, मागं दोन पिल्लं. सगळे पुढं सरसावले. बाईनं झटकन स्क्रीनवर तळहात ठेवला. पिल्लांवर नाही, मागच्या कातळावर.

"ताई, ग्रुपवर टाकतो की," दुकानदार म्हणाला. "आपल्याच डोंगरातली हाय ना?"

"जागा कळली की उद्या गर्दी होईल. हे फोटो डोंगरातल्या खाणीच्या विरोधात कोर्टात द्यायचेत. मला पेनड्राइव्हवर द्या आणि तुमच्याकडचे पुसा. माझ्यासमोर."

पुसून होईपर्यंत हात हलला नाही.

तिच्या बोटांच्या फटीतून मी तो कातळ ओळखला होता.

घरी बिबट्याचं सांगितलं, तेव्हा बायकोनं विचारलं, "कुठला ओ डोंगर?"

"दिसला नाय," मी म्हणालो.