अर्धी बाही

चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेल्या मास्तरांचा एकच हट्ट होता: अर्धी बाही सोडून उठायचं नाही. दुकानाला आग लागली तरी आधी बाही लागणार, मग मास्तर उठणार. या हट्टापायी ते मरता मरता वाचले.

पोटात कळ यायची ती जेवणानंतर. मास्तर घामाघूम व्हायचे, पण हातात बाही असायची. ती पुरी करून दवाखान्याची पायरी चढेपर्यंत कळ गायब. डॉक्टर पोट दाबायचे, तर पोट मऊ. "गॅस," डॉक्टर म्हणायचे. चार महिन्यांत तीन डॉक्टर झाले आणि तिघांचंही गॅसवर एकमत झालं. वजन सहा किलो उतरलं, तेव्हा मास्तरांनी स्वतःच्या पँटी कमरेत आत घेतल्या.

"डॉक्टर दिसला की तुमचं दुखणं पळतं," बायको म्हणाली. "नाटकं नुसती!"

एका दुपारी सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई शिवायला टाकलेला एप्रन न्यायला आल्या. एक बाही लागली होती, दुसरी अर्धी. तेवढ्यात कळ आली. मास्तर मशीनवर वाकले, पण पाय काही पायडलवरून काढेनात.

"काय होतंय?"

"गॅस," मास्तर म्हणाले. मग त्यांना राहवेना. लागलेली बाही उचलून त्यांनी तिचं टोक आतल्या आत ढकललं. बाही बाहीतच शिरली. "असं होतंय बघा. शिरतं, अडकतं, मग आपोआप सुटतं."

बाई त्या बाहीकडे बघतच राहिल्या. "उठा. दुखतंय तोवर चला."

"एवढी बाही..."

"एप्रन माझा आहे, मास्तर. मी बिनबाहीचा घालीन."

सोनोग्राफीच्या पडद्यावर कड्यात कडं दिसलं. आतडं आतड्यातच शिरलं होतं. "हे सहसा लहान मुलांना होतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या वयात उगाच होत नाही. बहुधा एखादी गाठ आतड्याला आत ओढत असते. ऑपरेशन करावं लागेल." मागोमाग धावत आलेल्या बायकोने 'गाठ' ऐकून आधी कॅन्सरचं विचारलं.

ऑपरेशन झालं, गाठ तपासायला गेली. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. तेवढे दिवस बायकोने एकही टोमणा मारला नाही, ते मास्तरांना कळेपेक्षा जड गेलं. रिपोर्ट आला: साधी चरबीची गाठ, कॅन्सर नाही. बायको दवाखान्यातच बाकावर बसून हमसून हमसून रडली. "नाटकं म्हणाले हो मी तुम्हाला!"

महिन्याने मास्तर पुन्हा मशीनवर बसले. पहिलं काम त्या एप्रनचं. अर्धी राहिलेली बाही हातात घेतली असेल-नसेल, बॉबिन खाली पडली म्हणून ते वाकले. बायको आतून धावत आली.

"दुखतंय?"

"नाही गं. बॉबिन पडली."

"खरं सांगा."

"खरंच नाही दुखत."

"तुमच्या सांगण्यावर जाते की काय मी! उठा, दाखवून येऊ."

मास्तरांनी अर्धी बाही तशीच सुईखाली सोडली आणि चपला घातल्या.