रा की, अक्का

अण्णांच्या टेबलावरचा गोल शिक्का नेमका तेव्हाच हरवायचा, जेव्हा कुणी शिक्षण सोडायचा अर्ज घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं. एरवी तो शाईच्या पॅडशेजारी मुकाट्यानं पडलेला असे. पण अर्जात 'प्रवेश रद्द करावा' एवढे शब्द दिसले, की अण्णा ड्रॉवर उघडत, फायली उचलून बघत, शिपायावर उगाच करवादत आणि शेवटी हात झटकून सांगत, "शिक्का घावंना. सोमवारी या." शिक्का त्यांच्या कोटाच्या खिशात असे. त्या खिशाला जांभळ्या शाईचा डाग पडलेला होता आणि तो सगळ्या केंद्राला ठाऊक होता. आम्ही त्यावर फार हसायचो. आता आठवला की हसू येत नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरला तेव्हा स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. लांबच्या एका विद्यापीठानं पदव्युत्तर केंद्र म्हणून एका जुन्या कॉलेजची माडी घेतली होती, तिथं आम्ही एम.ए. करत होतो. संचालक बहुतेक वेळ मुख्यालयात असत आणि प्राध्यापक गाडी चुकली नाही तर येत. केंद्र चालवत होते ते अधीक्षक अण्णा. कुणाची हजेरी कमी पडून टर्म जाणार आहे, कुणाची शिष्यवृत्ती मुख्यालयात अडकली आहे, वसतिगृहातल्या कुठल्या खोलीत कुणाचं कुणाशी पटत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. माणूस मंद्रूपचा. घरात कानडी, बाहेर मराठी. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगावर उन्हाळ्यातही तो कोट. मुलांना ते 'तम्मा' म्हणत आणि आम्हा मुलींना, वयानं लेकीसारख्या असूनही, 'अक्का'.

सोमवारी अर्जवाला परत आला, की अण्णा त्याला समोर बसवून चहा मागवत. शिक्षणाचं महत्त्व वगैरे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. ते काम प्राध्यापकांचं, आणि त्यानं कुणी थांबत नाही हेही त्यांना माहीत होतं. चहा संपला की ते एवढंच म्हणत, "रा की." म्हणजे राहा. त्यांच्याकडे 'राहा'मधला 'हा' कुणी उच्चारायच्या भानगडीत पडत नाही. "रा की, अक्का. कुटं जातीस?" ते असं काही म्हणत, की आपण जाऊन जाऊन जाणार कुठं, असं आपल्यालाच वाटायला लागे. पोरांनी त्यांचं नावच 'रा-की' ठेवलं होतं.

माझंही नाव त्या सोमवारवाल्यांत होतं. मी कुंभारी गावची. पाऊस रुसलेली ती वर्षं, घरातली सगळी माणसं खडी फोडायला जात होती आणि मी इकडं इतिहास वाचत बसले होते. वडील एक दिवस माझा अर्ज स्वतःच घेऊन आले. अण्णांनी त्यांना विहिरीचं विचारलं, बैलांचं विचारलं, पलीकडच्या गावातल्या कुठल्याशा सोयऱ्याचं विचारलं. वडील चहा पिऊन, अर्ज बंडीच्या खिशातच ठेवून कुंभारीला परत गेले. आईनं नंतर त्यांना काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण मी राहिले.

अण्णा देवमाणूस होते असं मात्र मी म्हणणार नाही. ते तापट होते, आणि दुसऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसायचा आपल्याला हक्कच आहे असं समजत. केंद्रात टेलिफोन एकच, तो त्यांच्या टेबलावर. त्यामुळं घरचे निरोप आमच्यापर्यंत यायचे ते अण्णांनी गाळून. कुणाला घरी बोलावलं असलं आणि परीक्षा जवळ असली, तर तो निरोप पेपर संपेपर्यंत त्यांच्यापाशीच राही. एका मुलाचा सख्ख्या बहिणीचा साखरपुडा असा चुकला. तो कितीतरी दिवस अण्णांशी बोलला नाही. पुढं पास झाल्यावर पेढे मात्र त्यांनाच आधी दिले. त्या पेढ्यांनी अण्णांना आपण बरोबर करतो असं वाटलं असावं. आम्हालाही वाटलं.

भाग्यलक्ष्मी माझ्या वर्गात होती. आम्ही तिला भाग्या म्हणत असू. विणकरांच्या वस्तीत तिचं घर, घरात तेलुगू. वडील कारखान्यात मागावर होते आणि त्यांना छातीचं दुखणं लागलेलं होतं. आई विड्या वळायची. भाग्याही वळायची, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, समोर भिंतीला टेकवलेलं पुस्तक. शिकवायचं ते वडिलांच्या मनात होतं. आईला वाटे, वडील अंथरूण धरतायत तर पोरीनं आता घर धरावं. दुसऱ्या वर्षी भाग्यानं अर्ज दिला. शिक्का हरवला. सोमवारी "रा की" झालं. तरी ती रडत म्हणाली, की आई ऐकणार नाही. तेव्हा अण्णा कोट चढवून तिच्या घरी निघाले आणि सोबत म्हणून मला घेतलं.

त्या बोळात शिरलं की मागांच्या खडखडाटात आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसे. अण्णा दारातल्या पोत्यावर बसले आणि बोलत राहिले. वडील खोकत खोकत मान डोलावत होते. आई विड्या वळत होती. तिनं ना पाणी विचारलं, ना मान वर केली. शेवटी अण्णा उठले आणि हात जोडून तिला म्हणाले, "वैनी, आमी लई सांगितलं. पन तुमच्या तोंडानं एकदा तिला रा म्हना." तेव्हा त्या बाईनं पहिल्यांदा वर पाहिलं, काहीतरी भलतंच ऐकल्यासारखं. मग पुन्हा सुपात मान घातली. परतताना अण्णा खुशीत होते. शब्द लागला म्हणाले. बघ, एक दिवस ती आपणहून म्हणेल.

परीक्षेच्या दिवसांत घरी अभ्यास होईना म्हणून अण्णांनी भाग्याला वसतिगृहात माझ्या खोलीत जागा करून दिली. वडिलांना तोवर सिव्हिलमध्ये ठेवलं होतं. ती रोज पेपर झाला की तिकडं जायची आणि वडील तिला पुढच्या पेपरला परत पाठवायचे. जास्त झालं तर आई फोन करील, असं ठरलं होतं. भाग्यानं अण्णांना दोनदा बजावलं होतं, की फोन आला तर मला लगेच सांगा, मी पेपर सोडून जाईन. अण्णांनी हो म्हटलं होतं, आणि हे खरं सांगायला हवं, की या वेळी निरोप लपवायचं त्यांच्या मनात अजिबात नव्हतं.

शेवटच्या पेपरच्या सकाळी आम्ही व्हरांड्यात उभ्या होतो. आत टेलिफोन वाजला. थोड्या वेळानं अण्णा जवळजवळ धावत बाहेर आले. मी त्यांना कधी इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. म्हणाले, "अक्का, आईचा फोन हुता. थांब म्हनाल्या. पेपर देऊनच ये." भाग्यानं डोळे मिटून घेतले. वडिलांना बरं वाटत असणार, शिवाय आईनं पहिल्यांदाच तिचं शिकणं मानलं होतं. तिनं अण्णांना वाकून नमस्कार केला आणि आम्ही आत गेलो. तो पेपर तिला सोपा गेला.

ती सिव्हिलमध्ये पोचली तेव्हा वडील गेलेले होते.

वडिलांचे दिवस झाल्यावर भाग्या केंद्रात आली. तेव्हा मी अण्णांसमोरच बसले होते. ती बसली नाही. तिनं विचारलं, आईनं फोनवर नेमकं काय सांगितलं होतं. अण्णा गोंधळले. बाई फार घाईत होती, मागं कुणाचा तरी गलका होता, फोन लगेच तुटला, असं सांगायला लागले. भाग्या म्हणाली, "तसं नको. तिचे शब्द सांगा."

"रा म्हना," अण्णा म्हणाले. "भाग्याला रा म्हना. दोन-तीन डाव म्हनाल्या की."

भाग्यानं ते शब्द ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाहिले. मग अगदी हळू म्हणाली, "रम्मनू म्हणाली असेल ती, अण्णा."

मला काही कळलं नाही. तेलुगूत 'रा' म्हणजे ये. 'रम्मनू' म्हणजे तिला ये म्हणून सांगा. हे भाग्यानं मला नंतर समजावलं. अण्णांना समजवावं लागलं नाही. सोलापुरात त्यांची हयात गेली होती, तेलुगू शेजार होता, आया पोरांना 'रा, रा' म्हणून हाका मारताना त्यांनी रोज ऐकलं होतं. भस्माखालचं कपाळ ओलं झालेलं मला दिसलं.

"ठाव हाय की मला," ते म्हणाले. "रम्मनू ठाव हाय. पन मला माजंच ऐकू आलं."

भाग्या त्यांच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्ही नुसतं तिचंच मला सांगायचं होतं. अर्थ मी लावला असता." आणि जिना उतरून गेली. तिचं म्हणणं खरं होतं. अण्णा व्हरांड्यात येऊन 'रा म्हनाल्या' एवढंच बोलले असते, तरी आईच्या तोंडचा तो शब्द तिनं बरोबर ओळखला असता. पण त्यांनी तो आपल्या पद्धतीनं गाळून, स्वच्छ करून दिला होता.

भाग्या पास झाली आणि पुढं मुलींच्या एका शाळेत शिक्षिका झाली. आईनं तिला त्या दिवसाबद्दल कधी बोल लावला नाही, तो विषयच काढला नाही. वडील शेवटपर्यंत दाराकडं बघत होते, हे तिला वॉर्डातल्या दुसऱ्या बाईकडून कळलं. एकदा ती मला म्हणाली, की त्या पेपरातला प्रत्येक प्रश्न तिला अजून पाठ आहे आणि त्याचीच तिला चीड येते.

त्यानंतर अण्णांचा शिक्का कधी हरवला नाही. मी केंद्राच्या ग्रंथालयात तात्पुरती लागले होते, त्यामुळं हे रोज डोळ्यांनी पाहिलं. शिक्का टेबलाच्या मध्यभागी असे. अक्कलकोटकडचा एक हुशार मुलगा प्रवेश रद्द करायला आला. मी दारात थांबून वाट पाहत होते, की अण्णा आता ड्रॉवर उघडतील. त्यांनी अर्ज वाचला, शिक्का उचलला आणि मारला. मुलगा क्षणभर तसाच उभा राहिला. त्यालाही दुसरं काहीतरी अपेक्षित असावं. तो गेल्यावर मी रागानं विचारलं, की त्याला एकदा तरी राहा म्हणायला काय झालं होतं. अण्णा शिक्का पुसत राहिले. त्या वर्षी बरीच मुलं सोडून गेली. सगळीच काही अण्णांच्या सांगण्यानं थांबली असती असं नाही, पण काही नक्की थांबली असती, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी एक सवय त्यांना नवीन लागली. फोनवर निरोप आला, की ते समोरच्याला तो पुन्हा म्हणायला लावत. मग ज्याचा निरोप त्याला जसाच्या तसा सांगत, आणि विचारत, "काय म्हनलो मी?" त्यानं बरोबर म्हणून दाखवल्याशिवाय त्याला हलू देत नसत. नव्या पोरांना ही म्हाताऱ्याची खोड वाटे. त्यांनी त्यावर नकलाही बसवल्या होत्या.

निवृत्त होऊन अण्णा मंद्रूपला गेले. मी तोवर कॉलेजात शिकवायला लागले होते. एका बाजाराच्या दिवशी त्यांना भेटायला गेले. कोट खुंटीला टांगलेला होता, डाग होता तसाच. काकूंनी भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. आता हे घरातही बोलत नाहीत, कानडीतही नाही, असं त्यांनी अण्णांच्या देखतच मला सांगितलं. मी भाग्याची खुशाली सांगितली. आईला तिनं आपल्याजवळ ठेवून घेतलंय म्हटल्यावर अण्णांनी मान हलवली. मी माझ्या वर्गातल्या पोरींबद्दल बोलत होते तेव्हा मध्येच त्यांनी विचारलं, "सोडून जात्यात का?" जातात म्हटलं.

निघताना ते स्टँडपर्यंत सोडायला आले. बाजाराची गर्दी होती, कोंबड्यांची खुराडी टपावर चढत होती. मला लहान पोरासारखं वाटत होतं, की यांनी आज एकदा तरी म्हणावं. थांबणार मी नव्हतेच, घरी लेकरं होती. पण म्हणावं. खिडकीशी बसून मी म्हटलं, "येते, अण्णा."

आपल्याकडं निघालेल्या माणसाला 'या' म्हणतात. रागावलेला माणूसही 'जा' म्हणत नाही. अण्णा खिडकीखाली उभे होते. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "जा, अक्का."

इंजिन सुरू झालेलं होतं. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी मान बाहेर काढली. त्यांनी खिडकीचा गज धरून विचारलं, "काय म्हनलो मी?"

"जा म्हणालात," मी म्हटलं.

"बराबर," ते म्हणाले आणि त्यांनी गजावरचा हात काढून घेतला.