परका माणूस पाहिजे

अख्ख्या कर्जत तालुक्यात मला एकही परका माणूस नाही, हे मला नोकरी लागताना कळलं.

खालापूरजवळच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये माझी निवड झाली होती. पोलिसांचा दाखला मिळाला, डॉक्टरांचा मिळाला. राहिल्या दोन सह्या: ओळखीच्या, प्रतिष्ठित, पण नात्यात नसलेल्या माणसांच्या. शनिवारपर्यंत! (माहेर कोंडाणे, सासर पोशीर. उरलं कोण?) पण नोकरी सोडायची नाही, मी हट्टालाच पेटले होते.

"मी येते संगती," सासूबाई म्हणाल्या. तिथंच घात झाला.

आधी गाठले रिटायर झालेले गुरुजी. त्यांनी चष्मा चढवला, पेन उघडलं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "गुरुजी, तुमची मंडळी कुठली ओ?"

"कोंडाण्याची."

"अगं बाय! मंजी हिच्या आत्याच्या जावंची भईण!"

गुरुजींनी पेन मिटलं. "मग मी तुझा काकाच लागतो की गं! खोटं कसं लिहू?"

पुढे भाताच्या गिरणीचे मालक. इथे मी सासूबाईंना बाहेरच बसवलं. तर मालकच उखडले. "नात्यात नाय? तुझ्या लग्नात आहेर केला, पंगतीत वाढलं, अन् आता मी परका व्हय गं?" त्यांची समजूत घालता घालता दुपार गेली.

आता शेवटचा उपाय. आमचे चुलत सासरे! बांधावरून दोन्ही घरांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. मी थेट त्यांच्या ओटीवर, सासूबाई मागे अंगणातच.

"तात्या, तुमी आमचे कोण?"

"कोन नाय!"

"लिहून द्याल?"

"धा येळा देतो! आन पेन!"

पेन हातात घेतलं आणि म्हाताऱ्याचे डोळेच भरले. "आपल्या घरातली सून कामाला चालली, अन् मी कोन नाय लिहू? नाय जमायचं, पोरी." सासूबाई पदर डोळ्याला लावून पुढे झाल्या. चहा झाला, रडणं झालं. भांडण मिटलं, सही राहिली!

शेवटी बचत गटाच्या कामामुळे ओळखीचे झालेले बँकेतले दोन साहेब आठवले, दोघंही विदर्भातले. सासूबाईंना गळ्याची शपथ घालून घरी ठेवलं आणि शनिवारी दुपारी सह्या आणल्या. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

नोकरीचा पहिला दिवस. मोठ्या साहेबांनी काम समजावलं आणि म्हणाले, "काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, तुमचं आजोळ कुठलं ओ?"